टोरंटोतल्या सायकल लेन उखडल्या तर ट्रॅफिक खरंच कमी होईल का?

माझं मत: नाही. आणि तिथल्या सरकारलाही तसाच सल्ला मिळाला होता!

झालं असं. नोव्हेंबर 2024 मध्ये ऑन्टॅरिओचे (टोरंटो ज्यात येतं तो कॅनडाचा प्रांत) प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्र्यासारखे प्रांतप्रमुख, डग फोर्ड यांच्या सरकारने कायदा करून ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी या तीन रस्त्यांवरच्या लेन काढायचं ठरवलं. रस्ते शहराचे, पण हुकूम प्रांताचा. महापालिकेच्या अंदाजानुसार काढण्याचाच खर्च सुमारे 4.8 कोटी कॅनेडियन डॉलर, म्हणजे बांधायला लागले त्याहून जास्त. वर त्याच कायद्यात अशी तजवीज, की लेन काढल्यामुळे कुणी जखमी झालं तर सरकारवर दावा लावता येणार नाही. कोंडी सोडवायला निघालेल्यांना हे कलम का लागावं?

सायकलस्वार कोर्टात गेले. जुलै 2025 मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की संरक्षित (गाड्यांपासून अडथळ्याने वेगळ्या केलेल्या) सायकल लेन काढणं हा जीविताच्या आणि सुरक्षिततेच्या हक्काचा भंग आहे. कोंडी कमी होईल याला पुरावाही नाही. सरकारने अपिलाची घोषणा केली.

दुकानदारांच्या आणि गाडीवाल्यांच्या तक्रारी अगदीच खोट्या नाहीत. गाड्यांना एकच लेन उरली की डावीकडे वळणाऱ्या एका गाडीमागे रांग लागते (तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून डावीकडे वळायला समोरचा ट्रॅफिक ओलांडावा लागतो). पण सायकल लेन गेली म्हणून सायकलवाले गायब होत नाहीत. ते उभ्या गाड्यांना घासून चालतात, आणि कुणी न बघता दार उघडलं की थेट ट्रॅफिकमध्ये आडवे. जेवणाचे डबे पोचवणारी पोरं तर दिवसभर याच रस्त्यांवर असतात.