खोक्यांतली बॉनव्हिल घ्यावी का?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: "1966 ची ट्रायम्फ बॉनव्हिल ही जुनी ब्रिटिश मोटरसायकल घ्यायचं मनात आहे. एक मालक ती पूर्ण सुटी करून, चार खोक्यांत भरून देतोय. दुसऱ्याकडे त्याच वर्षाची चालती गाडी आहे, पण किंमत दुप्पट. पुढच्या महिन्यात माझी एक ठेव पूर्ण होते. सुटी गाडी घेऊन रोज संध्याकाळी थोडी थोडी घरीच जुळवली, तर तीन वर्षांनी विकून मुलीच्या कॉलेजच्या खर्चाला हातभार लागेल. पत्नीला मात्र धास्ती वाटतेय. काय करू?"

आधी पैशांचं बोलू. तुमचा महिन्याचा घरखर्च हेच माप धरतो, कारण गाडीपायी घराचे किती महिने बांधले जाताहेत ते त्यातून लगेच दिसतं. या मापानं सुटी गाडी 3 महिन्यांची आणि चालती 6 महिन्यांची. ठेव 7 महिन्यांची. अडीअडचणीसाठी वेगळे 6 महिने बाजूला आहेत आणि त्यांना हात लावणार नाही असं तुम्ही स्पष्ट लिहिलंय. ते वाचून फार बरं वाटलं. म्हणजे प्रश्न फक्त या ठेवीचा आहे. सुट्या भागांसाठी तुम्ही 2 महिने धरलेत आणि विकताना 8 येतील म्हणता. 5 घालून 8, म्हणजे 3 चा नफा.

यातला 2 हा आकडा मला मान्य नाही.

घरी बसून तुम्ही इंजिन खोलाल, धुवाल, पुन्हा जुळवाल. हे सगळं जमण्यासारखं आहे. पण सिलिंडर बोअर करणं (म्हणजे आतून कापून थोडा मोठा करणं), क्रँक (पिस्टनच्या जोरानं फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा) घासणं, व्हॉल्व्हच्या सीट कापणं, क्रोम चढवणं ही कामं बाहेरच जातात, आणि मोठा खर्च नेमका तिथेच असतो. शिवाय तिथल्या चुकाही आपल्याच खिशातून भरून निघतात. माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीच्या वेळी सिलिंडर मी पिस्टनशिवायच बोअर करायला दिला. कारागिरानं ठरल्या मापाला बोअर केला, पिस्टन नंतर आले, आणि हातात धरून घालून बघितले तर सैल. दुसरे, एक माप मोठे पिस्टन मागवावे लागले आणि बोअर पुन्हा करावा लागला. तेव्हापासून जो विचारेल त्याला सांगतो: आधी पिस्टन हातात येऊ दे, मग त्याच पिस्टनवर मोजून बोअर कर.

या ट्रायम्फमध्ये आणखी एक जागा आहे, जी हिशेबात धरलीच पाहिजे. क्रँकच्या आत एक पोकळ नळी असते. या इंजिनांत आजच्यासारखा कागदी ऑइल फिल्टर नाही, नुसत्या जाळ्या आहेत. त्यामुळे तेलातला बारीक गाळ क्रँक फिरण्याच्या जोरानं या नळीत फेकला जातो आणि वर्षानुवर्षं तिथेच घट्ट बसतो. नळी भरली की बिग एंडला, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो त्या बेअरिंगला, तेल कमी पडतं. ती साफ करायची तर इंजिन पूर्ण उघडून क्रँक बाहेर काढावा लागतो. सुट्या गाडीत क्रँक समोरच असेल, तेवढा एक फायदा मानतो. पण आत काय निघेल ते आज कोणीच सांगू शकणार नाही. आणि खोक्यांत काय नाही, हे तर मालकालाही ठाऊक नसतं. एखादा पाय-पेग, एखादी छोटी कंस-पट्टी, उजव्या बाजूचा कार्ब्युरेटर... हे भाग एकेक करून शोधताना पैसा झिरपत जातो, आणि पार्सलचा खर्च कधी कधी भागापेक्षा जास्त होतो.

म्हणून मी भाग आणि बाहेरची कामं मिळून 4 महिने धरतो. 3 आणि 4, म्हणजे सगळी ठेव संपली. विकून 8 आले असं मानलं, तर तीन वर्षांत 1 महिन्याचा फायदा. तेच 7 महिन्यांचे पैसे वर्षाला 5 टक्के व्याजानं नुसते ठेवले, तर तीन वर्षांत 1 पेक्षा थोडं जास्तच व्याज येईल. तुम्ही आठवड्याला चार तास काढू शकता असं लिहिलंय. वर्षाचे साधारण दोनशे, तीन वर्षांचे सहाशे तास झाले. त्या सहाशे तासांचा पैशांतला मोबदला शून्य, किंबहुना थोडा उणेच.

हे वाचून नाराज होऊ नका. ते सहाशे तास वाया जातात असं मी अजिबात म्हणत नाही. आयुष्यातले काही फार चांगले तास मी स्वतः असेच घालवलेत. पण त्यांच्या भरवशावर मुलीचं कॉलेज ठेवू नका. कॉलेजसाठी दरमहा जे टाकताय ते तसंच चालू ठेवा आणि जमलं तर वाढवा. गाडीचे पैसे छंदाचे पैसे म्हणून वेगळे लिहा. एका वहीत दोन्ही आले की गाडीवरचा प्रत्येक खर्च "शेवटी वसूल होईल" या नावाखाली पास होत जातो. तुमच्या पत्नीला वाटणारी धास्ती मला तरी याचीच वाटते.

माझा खरा आक्षेप मात्र नफ्यावर नाहीच. अर्धवट गाडीला सगळ्यात कमी किंमत येते, त्यावर आहे. समजा दीड वर्षानं नोकरीत काही झालं किंवा घरात आजारपण निघालं. चालती, कागद नीट असलेली गाडी तुम्ही थोडं कमी घेऊन का होईना, विकू शकता. पण क्रँक एकीकडे, सिलिंडर रंगाऱ्याकडे, टाकी अर्धी घासलेली अशी गाडी घेणारा माणूस तुम्ही दिलेल्या 3 पेक्षाही कमी देईल. ज्या वेळी पैशांची सर्वांत जास्त गरज, नेमकं तेव्हाच ते अडकलेले असतील.

तर माझं उत्तर असं. चालती गाडी घ्या, पण 6 ला नको. साडेपाचपर्यंत आणा. नाही आली तर थांबा. साठ वर्षं टिकलेल्या गाड्या आणखी वर्षभरानंही विकायला येतात. उरलेल्या दीड महिन्यातला अर्धा महिना अवजारं, टायर-ट्यूब, केबल आणि विम्यासाठी. एक महिना इंजिनासाठी म्हणून अलग ठेवा आणि दरमहा त्यात थोडी भर घाला. क्रँकची नळी साफ करायची वेळ येईल तेव्हा पैसे तयार असतील. विमा घेताना ठरलेल्या किमतीचा मिळतो का ते विचारा; वयानुसार घट धरून काढलेल्या विम्यात अशा गाडीला जवळजवळ काहीच मिळत नाही.

आणि घरी दुरुस्ती करण्याचा खरा पैसा इथे वाचतो, चालत्या गाडीवर. या गाड्यांना आजच्या गाड्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा हात लावावा लागतो. तेल दोन-अडीच हजार किलोमीटरला बदलायचं. ठिणगी पाडणाऱ्या कॉन्टॅक्ट पॉइंटची फट 0.38 मिलिमीटर. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हवरची, फट थंड इंजिनावर, इनटेकला 0.05 आणि एक्झॉस्टला 0.10 मिलिमीटर. दोन्ही कार्ब्युरेटर एकसारखे उघडतात ना ते बघायचं, चेन ताणायची, केबलना तेल द्यायचं. यात सामान जवळजवळ काहीच लागत नाही, सगळी मजुरी असते. तीच तुम्ही स्वतः केली की दरवर्षी पैसे वाचतात. तुमचे आठवड्याचे चार तास इथे पुरून उरतील, आणि रविवारी गाडी चालवायलाही मिळेल.

अवजारांत एक चूक टाळा. 1966 च्या या गाडीचे बहुतेक नट-बोल्ट जुन्या ब्रिटिश मापाचे आहेत. त्यांना व्हिटवर्थ पाने लागतात. घरातला मिलिमीटरचा पाना "बसतोय तसा" लावला की नटाचे कोपरे गोल होतात आणि पाच मिनिटांच्या कामाला पूर्ण संध्याकाळ जाते. व्हिटवर्थचा चांगला संच, फीलर गेज, टॉर्क रेंच, क्लचचा पुलर आणि कारखान्याचं दुरुस्ती-पुस्तक एवढं आधी घ्या. जुन्या ब्रेक शूची धूळ मात्र हवेनं उडवू नका. त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका.

गाडी बघायला जाल तेव्हा न कळवता वेळेच्या थोडं आधी पोहोचा आणि इंजिनाला हात लावून बघा. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधी ती चालू केली गेलीय. थंड होऊ द्या आणि तुमच्यासमोर किक मारायला सांगा. बरेच दिवस उभी असेल तर तेलाच्या टाकीतलं इंजिन ऑइल खाली क्रँककेसमध्ये उतरलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीला धूर येईल. त्याला घाबरू नका. इंजिन तापल्यावरही निळा धूर थांबला नाही, तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजलेत असं धरा आणि भाव त्या हिशेबानं पाडा. इंजिन चालू असताना तेलाच्या टाकीचं झाकण उघडा. परतीच्या नळीतून तेल ठिबकत, उसळत येताना दिसलं पाहिजे.

शेवटी डाव्या बाजूला सिलिंडरच्या खाली इंजिनावर ठोकलेला नंबर बघा. बॉनव्हिलचा नंबर टी 120 नं सुरू होतो. टीआर 6 नावाची बहीण-गाडी एकाच कार्ब्युरेटरची होती. तिला दोन कार्ब्युरेटरचं हेड लावून ती बॉनव्हिल म्हणून विकली जाते, आणि किंमत मात्र बॉनव्हिलची मागितली जाते. अक्षरांभोवती घासल्याच्या खुणा आहेत का, हा नंबर आणि फ्रेमवरचा नंबर जुळतो का, आणि दोन्ही कागदावर तसेच आहेत का, हे तिन्ही बॅटरीच्या उजेडात बघून घ्या. फोटो काढा आणि इसार देण्याआधी मला पाठवा.