पाटीवर ‘डॉ.’ लागलं की संसर्ग होत नाही का?

(गुहागर तालुक्यातल्या एका शिक्षक पालकांचं पत्र आहे. मुलगी १९ वर्षांची. नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) दोनदा दिली. दुसऱ्या वेळी ७२० पैकी ४१८. सरकारी कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंगला नंबर लागलाय आणि पुढे आयसीयूमध्येच काम करायचं, असं ती म्हणते. वडिलांना तिला लातूरला ठेवून तिसऱ्यांदा नीटला बसवायचंय. ‘तुम्ही समजावलंत तर ऐकेल,’ असं ते लिहितात.)

नमस्कार सर,

तिला मी समजावणार नाही. समजूत घालायचीच असेल तर ती तुमची घालावी लागेल, म्हणून हे उत्तर तुम्हाला.

तुमच्या चार पानी पत्रात मुलीच्या मार्कांना दीड ओळ आहे आणि भावकीला जवळजवळ एक पान. गणपतीला मुंबईहून आलेले तिचे मोठे काका ओटीवर बसून काय म्हणाले, ते तुम्ही शब्दन् शब्द उतरवलंत: ‘नर्स करताय पोरीला? उद्या स्थळं कशी यायची?’ मुलगी काय म्हणाली, ते मात्र ‘हट्ट धरून बसली आहे’ एवढ्यावर उरकलंत. काका आरतीचा प्रसाद घेऊन परत डोंबिवलीला गेले. त्यांचं वाक्य तुमच्या घरात राहिलं आणि आता त्यापायी पोरीचं आणखी एक वर्ष जाणार.

तुम्ही पुढे केलेलं कारण वेगळं आहे. ‘संसर्गजन्य पेशंटच्या उशाशी आयुष्य काढायचं, हे कुठल्या बापाला रुचेल?’ बरोबर आहे, कुणालाच रुचू नये. पण मग एमबीबीएस करून ती कुठे जाणार आहे? श्वास थांबत आलेल्या पेशंटच्या घशात नळी घालतात, तेव्हा पेशंटच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ज्याचा चेहरा असतो, तो बहुतेक वेळा डॉक्टर असतो. जंतू तेच, खोली तीच, एन-९५ मास्कही तोच. दारावरच्या पाटीवर ‘डॉ.’ लागणार म्हटलं की तुमची भीती पळते, तेव्हा ती रोगाची आहे असं मला वाटत नाही. स्थळांची काळजी वाटत असेल तर तसं लिहा. त्यावर भांडता तरी येईल.

आता तिच्या काकूचं बोलू. गेल्या वर्षी लावणीच्या दिवसांत त्यांना लेप्टो झाला, फुप्फुसात रक्तस्राव झाला, व्हेंटिलेटर लागला आणि त्या वाचल्या. मुलीने आयसीयू पाहिला तो तेव्हाच. भेटून आली की तुम्ही तिला मागल्या दारच्या मोरीवर आंघोळ करायला लावत होतात आणि मगच घरात घेत होतात. इथे तुमचा एक समज मुळातच चुकलाय. आजार संसर्गजन्य आहे म्हणजे पेशंटचा नुसता वारा लागला तरी होतो, असं नसतं. लेप्टोचे जंतू उंदराच्या, गुराढोरांच्या लघवीतून पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून अंगात शिरतात. माणसाकडून माणसाला तो जवळजवळ होतच नाही. सावंतवाडी-दोडामार्गकडचा माकडताप गोचिडीमुळे होतो, डेंग्यू डासामुळे. म्हणजे पावसाळ्यात कोकणातल्या आयसीयूत तुम्ही ज्यांना ‘संसर्गाचे पेशंट’ म्हणता, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या श्वासातून सिस्टरला तो आजार होत नाही. उलट लावणीला तुम्ही मुलीला अनवाणी चिखलात उतरवलंत, तिथे धोका खरा होता. जोखमीच्या गावांत त्या दिवसांत डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटतात. तुमच्या घरच्यांनी त्या घेतल्या होत्या का?

श्वासातून पसरणारे आजार वेगळे: क्षय, गोवर, कांजिण्या, फ्लू, कोविड. तिथे धोका आहे आणि तो मी लपवणार नाही. नळी घालताना, सक्शन करताना म्हणजे नळीतला कफ यंत्राने ओढून काढताना, हाताने दाबायच्या अ‍ॅम्बू बॅगने श्वास देताना, छाती दाबताना बारीक तुषार उडतात. कोविडमध्ये नियम होता की पेशंटचं हृदय थांबलं तरी आधी संरक्षक पोशाखाचं किट चढवायचं, मग छातीवर हात ठेवायचा. समोर मॉनिटरवर रेषा सपाट दिसतेय आणि आपण गाऊनची गाठ मारतोय, हे किती अवघड असतं ते त्या दोन वर्षांत काम केलेल्या कुठल्याही सिस्टरला विचारा. नीट बांधलेल्या विलगीकरण खोलीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो आणि तासाला १२ वेळा हवा बदलते. अ‍ॅम्बू बॅगला फिल्टर असतो. किट काढताना दुसरं माणूस समोर उभं राहून एकेक पायरी सांगतं, कारण दमलेला हात चेहऱ्याकडे जातो तो तेव्हाच.

२०१८ मध्ये केरळात निपाह विषाणूच्या संसर्गाने लिनी पुथुसेरी ही परिचारिका गेली. ती आयसीयूत नव्हती, पेरांब्राच्या तालुका रुग्णालयात होती, आणि पेशंटला निपाह आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. निदान झालेल्या पेशंटपाशी माणूस तयारीने जातो. निदान न झालेला पेशंट साध्या वॉर्डात, ओपीडीतही असतो आणि तिथे तुमच्या मनातली डॉक्टर मुलगीही बसलेली असेल.

मुलीलाही एक विचारायचंय. काकूच्या उशाशी सिस्टर काय करत होती, हे तिने नीट पाहिलं का? लेप्टोच्या अशा पेशंटच्या नळीतून लालसर फेस येतो. तो बंद सक्शनने, नळीचा जोड न सोडवता काढायचा. जोड सुटला की फुगवून धरलेलं फुप्फुस मिटतं. डोक्याकडची बाजू निदान ३० अंश वर. श्वासनळीत नळी घट्ट बसवणाऱ्या फुग्यातला दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका, कमी पडला तर तोंडातली घाण खाली उतरते. लघवी दर तासाला मोजायची. फुप्फुस फारच बिघडलं तर सगळ्या नळ्या सांभाळत चार-पाच जणांनी मिळून माणसाला पालथं करायचं आणि १६-१६ तास तसं ठेवायचं. शिवाय तोंड पुसणं, कूस बदलणं, शी काढणं. हे सगळं रात्रपाळीत. आणि एवढं करूनही काही पेशंट जातात. हे कळूनही ती हो म्हणत असेल तर तिला अडवण्यात अर्थ नाही. काकूचा जीव वाचवणाऱ्या सिस्टरसारखा युनिफॉर्म घालायचा एवढंच मनात असेल, तर प्रवेश घेण्याआधी तिने एखाद्या आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टरशी तासभर बोलावं. या सिस्टर गोड बोलत नाहीत, हे फार बरं असतं.

मार्ग एका ओळीत: बी.एस्सी. नर्सिंग, नोंदणी, आयसीयूचा अनुभव, मग एक वर्षाची क्रिटिकल केअरची पदविका किंवा दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम. सिंधुदुर्गात २०२१ पासून आणि रत्नागिरीत २०२३ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तेव्हा हे काम करायला मुंबईच गाठावी लागेल असंही नाही.

बाप म्हणून काळजी करायचीच असेल तर ती पुढे कामाला लागेल त्या हॉस्पिटलची करा. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटला एक सिस्टर देतात की तिघांना मिळून एक? हिपॅटायटिस बीच्या लशीचे तिन्ही डोस झालेत का? मास्क तोंडाला घट्ट बसतो का, हे तपासतात का? सुई टोचली तर रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा? एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत, खरं तर पहिल्या काही तासांतच सुरू व्हावी लागतात. ‘सकाळी बघू’ म्हणणारं हॉस्पिटल कामाचं नाही. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणाऱ्याच्या दारात तर उभंच राहू नये. सर, वर्गात तुम्ही पोरांना प्रश्न विचारा म्हणून सांगत असाल. हे प्रश्न तिच्याबरोबर जाऊन तुम्ही विचारा.

प्रवेश निश्चित करायची शेवटची तारीख तुम्ही पत्रात लिहिलेली नाही. मुलीला विचारा, तिला पाठ असेल. तोवर लातूरच्या क्लासचा हप्ता भरू नका.