चिपळूणला घरीच अभ्यास, क्लास नाही. सीए इंटरला (सीएची दुसरी पायरी) नुसते एमसीक्यू, म्हणजे पर्यायांतून उत्तर निवडायचे प्रश्न, सोडवून भागेल का?

नुसत्या एमसीक्यूवर नाही भागणार, मे 2024 पासून इंटरला 30 टक्के मार्क एमसीक्यूचे नि 70 लिहायचे, मग लिहिण्याची सवय नको का. पण त्या 30 साठी क्लास नाही म्हणून काही अडत नाही हो, इन्स्टिट्यूटच्या (आयसीएआयच्या) साइटवर आरटीपी (रिव्हिजन टेस्ट पेपर), एमटीपी (मॉक टेस्ट पेपर), केस सिनॅरिओ (प्रसंग देऊन विचारलेले प्रश्न) सगळं फुकट आहे, आपल्याकडे पावसात लाइट गेली की रेंजपण जाते म्हणून आधीच डाउनलोड करून ठेवा.

सोडवताना बाकीचे तीन पर्याय का चुकीचे ते स्वतःला सांगत जा, खरा अभ्यास तिथे होतो. उदा. एएस 2 घ्या, म्हणजे स्टॉक कितीला धरायचा ते सांगणारं अकाउंटिंग स्टँडर्ड. काजू बी 120 रुपये किलोने घेतली, मार्चअखेर भाव 110 वर आला, पण गर विकून सगळा खर्च सुटतोय, तर बीचा स्टॉक कितीला धरायचा? बरीच पोरं डोळे झाकून 110 टिक करतात, 'जे कमी ते' एवढंच पाठ असतं ना. उत्तर 120, कारण बी हा कच्चा माल आणि पक्का माल तोट्यात जात नाहीये. गर तोट्यात जात असता तर मात्र 110.

इंटरला निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडू नका. (फाउंडेशनच्या, म्हणजे सीएच्या पहिल्या पायरीच्या, पेपर 3 आणि 4 ला चुकीला पाव मार्क कापतात, तिथे तुक्के महागात पडतात.) आणि तोच सेट सारखा सोडवू नका, उत्तरं तोंडपाठ होतात नि उगाच वाटतं की सगळं येतंय.