नवा पार्ट टाकला तरी गाडी परत गॅरेजात

या वेळी जुन्या गाड्यांचीच पत्रं जास्त आलीत आणि तक्रार साधारण एकच, नवा पार्ट टिकत नाही. त्यातली चार घेतोय.

प्रश्न: सर, माझी 1998 ची मारुती 800 आहे. पुढच्या लोअर आर्मचे (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा खालचा दांडा) बुश (त्याच्या सांध्यातले रबरी तुकडे) वर्षात दोनदा बदलले तरी खड्डा आला की खडखड आहेच. मेकॅनिक म्हणतो हल्ली मालच असा येतो, मी काय करणार. कंपनीचा मिळाला नाही, लोकलवर आता भरवसा नाही. काय करू?
– एक वाचक, मिरज

उत्तर: मेकॅनिकचं म्हणणं अर्धं खरंय. 800 बनायची जानेवारी 2014 मध्ये बंद झाली, त्यामुळे काही पार्ट आता शोधावे लागतात आणि त्या पोकळीत कुणीही साचा काढून बुश ओततो. बुश म्हणजे नुसतं रबर नाही, आतल्या लोखंडी नळीला ते रबर भाजून चिकटवलेलं असतं आणि स्वस्त मालात नेमकं हेच चिकटणं कच्चं राहतं. दुकानातच कडेने नख फिरवून बघा, नळी आणि रबर यांच्यात फट दिसली किंवा दाबल्यावर रबराचा भुगा बोटाला लागला की ठेवून द्या तिथेच, पाकिटावर काहीही छापलेलं असो.

आता उरलेलं अर्धं, जे मेकॅनिक सांगणार नाही. बहुतेक गॅरेजात गाडी जॅकवर, चाकं लोंबकळतायत, आणि त्याच अवस्थेत आर्मचा बोल्ट फुल टाइट मारतात. मग गाडी खाली उतरली की आर्म वर येतो आणि बुश कायमचा पिळलेला राहतो, प्रत्येक खड्ड्यात अजून पिळतो, असा बुश कंपनीचा असला तरी फाटणारच. बोल्ट नुसता अडकवायचा, गाडी चाकांवर उतरवायची, पुढून दोन-चार वेळा दाबून हलवायची आणि मग टाइट करायचं. तुम्ही तिथे उभे राहा आणि हे करून घ्या, मेकॅनिक तोंड वाकडं करेल, करू द्या. बुश हातोड्याने ठोकून बसवत असेल तर आर्म उचला आणि जवळच्या प्रेसवाल्याकडे जा.

दोनदा बदलूनही खडखड तशीच आहे म्हणजे आवाज बुशचा नसेलही. स्टॅबिलायझर बारचे रबर, वरचं स्ट्रट माउंटिंग आणि बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांच्यातला गोल सांधा) टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, लावून हलवून बघायला सांगा. बॉल जॉइंट ढिला निघाला तर मात्र लोकल घेऊ नका, तो निसटला की चाक आडवं होतं. आणि जुना आर्म सरळ असेल तर तो भंगारात देऊ नका, त्यातच चांगला बुश बसवा. नव्या लोकल आर्मपेक्षा जुन्या ओरिजिनलचा पत्रा मला तरी जास्त भरवशाचा वाटतो.

प्रश्न: काका, वडिलांची प्रीमियर पद्मिनी कार आहे, आम्ही प्रेमाने चालवतो. सकाळी मस्त स्टार्ट होते पण अर्धा तास चालली की मिसिंग मारते (इंजिन अडखळतं) आणि बंद, थंड झाली की परत चालू. पॉइंट, कंडेन्सर, रोटर (प्लगला ठिणगी पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे भाग) सगळं नवीन टाकलंय. आता कार्बोरेटर बदलायला सांगतायत.
– एक वाचक, ठाणे

उत्तर: कार्बोरेटरला हात लावू नका अजून. तुम्ही लिहिलंय "सगळं नवीन टाकलंय", मला तर संशय त्या नव्यावरच आहे. गरम झाल्यावर मरणारा कंडेन्सर हा जुन्या गाडीवाल्यांचा ओळखीचा त्रास आहे, आत गुंडाळलेल्या पट्ट्यांचं इन्सुलेशन हलकं असलं की गाडी थंड असताना ठीक आणि इंजिनाच्या उष्णतेत गळपटतं. पुढच्या वेळी बंद पडली की लगेच डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा, कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि पॉइंटकडे बघा. पॉइंट उघडताना बारीकशी ठिणगी चालते, पण मोठ्या पिवळट ठिणग्या उडत असतील आणि पॉइंटची तोंडं काळी पडली असतील तर कंडेन्सर गेला. पॉइंटवर सगळं ठीक दिसतंय पण प्लगला करंट नाही, तर कॉइल आणि रोटर बघा. हल्लीच्या काही रोटरमध्ये पितळी पट्टीच्या रिव्हेटखालूनच करंट खाली शाफ्टला उतरतो, बाहेरून काहीच दिसत नाही. आणि प्लगला करंट जोरदार असूनही बंद पडते, तर मग पेट्रोल गरम होऊन पाइपात वाफ धरतेय का ते बघायचं, कार्बोरेटरचा नंबर त्याच्याही नंतर.

नव्या पॉइंटचं अजून एक, कॅमवर घासणारा जो तुकडा असतो तो नरम प्लॅस्टिकचा आला की भराभर झिजतो, गॅप बंद होत जाते आणि गाडी उचल खात नाही. बसवताना तिथे थोडं ग्रीस लावा आणि थोडे दिवस गाडी चालली की फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) गॅप परत बघा. जुना काढलेला कंडेन्सर अजून घरात पडला असेल तर तोच लावून बघा आधी. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाली, त्यामुळे तुमच्याकडे जुन्या टॅक्सीवाल्यांकडचा वापरलेला माल अजून निघू शकतो, विचारून ठेवा. चालू स्थितीतला जुना कंडेन्सर मिळाला तर डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून ठेवा.

प्रश्न: व्हील सिलिंडरचे (चाकातला ब्रेक दाबणारा सिलिंडर) रबर किट टाकल्यावर महिन्याभरात ब्रेक जाम व्हायला लागले. काढून बघितलं तर रबर फुगलेलं. किट डुप्लिकेट ना?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: असेल, किंवा तुमच्या फिटरने सिलिंडर पेट्रोल-डिझेलने धुतला असेल. ब्रेकचं रबर ब्रेक ऑइलसाठीच बनलेलं असतं, त्याला पेट्रोल किंवा इंजिन ऑइल लागलं की ते भज्यासारखं फुगतं. कोण दोषी ते घरीच कळेल. त्याच किटमधला दुसरा कोरा कप व्हर्नियरने मोजा, काचेच्या बाटलीत ताजं डॉट 3 किंवा डॉट 4 ब्रेक ऑइल घेऊन त्यात दोन-तीन दिवस बुडवून ठेवा आणि परत मोजा. डोळ्यांना दिसण्याइतका फुगला तर रबरच चुकीचं आहे, बिल घेऊन दुकानात जा. नाही फुगला तर गॅरेजात जाऊन विचारा कशाने धुतलं ते. आणि वाईट बातमी अशी की ब्रेक ऑइलमध्ये दुसरं तेल मिसळलं असेल तर एका चाकाचं किट बदलून भागत नाही, मास्टर सिलिंडरच्या किटपासून होजपर्यंत सगळं रबर बदलावं लागतं आणि लाइन धुवावी लागते. तोवर गाडी उभी ठेवा, प्लीज.

प्रश्न: पेट्रोल पाइप दरवर्षी मऊ पडून घाम सुटल्यासारखा ओला होतो. इथेनॉलमुळे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: शक्यता दाट आहे. पंपावर आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि मीटरवर कापून मिळणारा साधा काळा पाइप त्यासाठी बनलेलाच नसतो. पाइपच्या अंगावर एसएई जे30 आर9 असं छापलेलं बघून घ्या, ही असं पेट्रोल सोसणाऱ्या पाइपची खूण. महाग पडतो, पण लागतो तरी किती, हातभर. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) आणि कार्बोरेटरच्या रिंगाही त्याच वेळी बघून घ्या, आणि क्लिप नव्या घ्या, तार पिळून आवळू नका.