गोव्याच्या ७०.३ साठी हँडलबार, गॉगल आणि वेटसूट: यातलं काय घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला राहता, वय ३४, रोड बाईक आहे, गोव्याची आयर्नमॅन ७०.३ (पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायची ट्रायथलॉन, पूर्ण आयर्नमॅनच्या निम्मी) पहिल्यांदाच करणार. हाताशी चाळीसेक हजार रुपये आहेत. एरो बार (हँडलबारवर बसवायचे, कोपरं टेकून पुढं वाकायचे दांडे), नंबरचे पोहण्याचे गॉगल आणि वेटसूट (पोहताना घालायचा रबरी सूट) यांवर ते कसे वाटावेत? पोहताना पाय बुडतात म्हणून वेटसूटवर जास्त खर्च करायचा विचार आहे. डोळ्यांचा नंबर उजवा उणे ४.५ आणि सिलिंडर (अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा वेगळा नंबर) उणे १, डावा उणे ४.

मी कोल्हापूरचा. गोवा दोनदा केलंय, एकदा ऑस्ट्रेलियात बसलटनला पूर्ण आयर्नमॅन केलीय, आणि सामान घेण्यातल्या बहुतेक चुका स्वतःच्या पैशानं केल्यात. त्यातली सगळ्यात मोठी चूक वेटसूटची, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

गोव्यासाठी वेटसूट घेऊ नका. स्वस्तातला नको, भाड्यानंही नको. आयर्नमॅनच्या नियमात हौशी स्पर्धकांना पाणी २४.५ अंश सेल्सिअसपर्यंत असेल तरच वेटसूट मोकळेपणानं घालता येतो. त्यापुढे २८.८ अंशांपर्यंत काही स्पर्धांत घालू देतात, पण मग बक्षिसाच्या आणि पात्रतेच्या यादीतून तुम्ही बाहेर. पाणी २८.८ च्या वर गेलं की सरळ बंदी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मिरामारसमोरचं पाणी अठ्ठावीस-एकोणतीसच्या घरात असतं. म्हणजे मुळात परवानगी मिळण्याची शक्यता कमी, आणि मिळाली तरी अंगावर ५ मिलिमीटर रबर चढवून त्या पाण्यात १.९ किलोमीटर पोहणं म्हणजे प्रेशर कुकरात बसून व्यायाम.

हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्या वर्षी भाच्याकडून बाहेरून एक वेटसूट मागवला. तोही सर्फिंगचा निघाला. सर्फिंगच्या सूटचे खांदे पोहण्याच्या सूटइतके ताणत नाहीत. पोहण्याच्या सूटमध्ये खांद्याला पातळ, ताणणारं रबर लावतात आणि मांड्यांना जाड, म्हणजे कंबर वर राहते. एप्रिलमध्ये राजाराम तलावावर तो अंगात घालायलाच पंधरा मिनिटं गेली, आणि पाण्यात उतरून दहाव्या मिनिटाला डोकं गरगरायला लागलं म्हणून बाहेर आलो. काठावर म्हशी धूत बसलेले एक काका म्हणाले, "दादा, ह्यो अवतार कशापायी?" उत्तर नव्हतं माझ्याकडं.

तुमचं खरं दुखणं मात्र वेगळं आहे, ते म्हणजे पाय बुडतात. वेटसूटनं पाय वर येतात हे खरं, त्यासाठीच तर अर्धे लोक तो घेतात. पण पाय बुडतात ते बहुतेक वेळा मान वर धरल्यामुळं. डोळे समोर ठेवून पोहलं की कंबर खाली जाते, तराजूसारखं. नजर तळाकडं, कपाळ पाण्यात आणि श्वास घेताना एकच गॉगल पाण्याबाहेर, एवढं जमलं तर आठ-दहा आठवड्यांत फरक दिसतो. वेटसूटच्या पैशांत एखाद्या चांगल्या प्रशिक्षकाच्या पंधरा-वीस शिकवण्या होतील. शिवाय समुद्राचं खारं पाणी तलावापेक्षा जास्त उचलून धरतं. मालवणला चिवला बीचवर मी पहिल्यांदा पोहलो तेव्हा वाटलं, आपले पाय कुणीतरी खालून धरलेत. चिवल्यावर दरवर्षी सागरी जलतरण स्पर्धाही होते. गोव्याआधी एकदा तिथं जाऊन याच. धरणात एकट्यानं सराव करण्यापेक्षा ते शंभर पटीनं बरं.

पुढं कधी बसलटनला गेलात, किंवा युरोपातली एखादी स्पर्धा धरलीत, तर वेटसूटचा विचार नव्यानं करा. बसलटनला जवळपास १.८ किलोमीटर लांबीच्या लाकडी जेटीला वळसा घालून पोहायचं असतं, पाणी गार, तिथं सूट अंगावर असला की जिवाला बरं वाटतं. उलट मलेशियातल्या लँगकावीला जाणार असाल तर पुन्हा नको. म्हणजे आधी स्पर्धा ठरवायची, तिथल्या पाण्याचं तापमान पाहायचं आणि मग दुकानात जायचं. मी हे बरोबर उलट्या क्रमानं केलं.

आता गॉगल. तुमच्या नंबराला हीच सगळ्यात महत्त्वाची खरेदी आहे, आणि तिघांत सगळ्यात स्वस्तही.

नंबरचे तयार गॉगल अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्यानं मिळतात. त्यांत सिलिंडर नसतो. हिशेब सोपा आहे: सिलिंडरचा निम्मा आकडा मुख्य नंबरात मिळवायचा. तुमच्या उजव्या डोळ्याचे उणे ४.५ आणि सिलिंडरचे निम्मे उणे ०.५, म्हणजे उणे ५. डावा सरळ उणे ४. काही कंपन्या दोन्ही काचा वेगवेगळ्या नंबराच्या विकतात, तशाच शोधा. एकाच नंबराची जोडी घ्यावी लागली तर उणे ४.५ चालून जाईल. तुम्हाला पाण्यात पेपर वाचायचा नाहीये, पाण्यात वाट दाखवणारा नारिंगी फुगा दिसला म्हणजे झालं. कॉन्टॅक्ट लेन्स घालून समुद्रात उतरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पाण्यातले जंतू, विशेषतः अकॅन्थअमीबा, लेन्सखाली अडकून बुबुळाला इजा करू शकतात, म्हणून डोळ्यांचे डॉक्टरही लेन्स घालून पोहायला नको म्हणतात.

बसतो की नाही हे कसं पाहायचं? पट्टा न लावता गॉगल डोळ्यांवर नुसता दाबा आणि हात काढा. दोन-तीन सेकंद चिकटून राहिला तर तुमच्या चेहऱ्याचा. लगेच पडला तर पट्टा कितीही आवळा, पाणी येणारच, वर डोकं दुखेल ते वेगळं. ऑनलाइन मागवणार असाल तर परत करता येईल अशाच ठिकाणाहून मागवा.

काचेचा रंग निवडताना मिरामारची दिशा लक्षात घ्या. समुद्र पश्चिमेला आणि पोहणं सकाळी. जाताना सूर्य पाठीशी, त्रास नाही. पण किनाऱ्याकडं वळलात की तो नेमका समोर, पाण्याच्या पातळीवर. पारदर्शक काच असेल तर शेवटचे काही शे मीटर तुम्ही अंदाजपंचे पोहाल. पहिल्या वर्षी मी तसाच पोहलो आणि भलत्याच बाजूला निघालो. पुन्हा आत वळून यावं लागलं. हलकी धुरकट काच घ्या. फार काळी नको, कारण ढगाळ सकाळी फुगेच दिसत नाहीत.

दोन गॉगल घ्या, एकाच मापाचे. एक स्पर्धेच्या सकाळी तुटतोच असं नाही, पण तुटला तर उणे ५ नंबरचा गॉगल मिरामारच्या वाळूत मिळत नाही. आतल्या बाजूला बोट फिरवू नका, वाफ न धरणारा थर निघून जातो. त्याऐवजी बाळाच्या शाम्पूचा एक थेंब पाण्यात मिसळून आतून लावायचा आणि विसळून टाकायचा. थुंकीही चालते, आमच्याकडं तीच जास्त चालते. पट्टा दोन टोप्यांच्या मधे ठेवा: आधी स्वतःची टोपी, वर गॉगल, वर संयोजकांनी दिलेली टोपी. शेकडो माणसं पाण्यात पाय मारत असतात, कुणाची तरी लाथ बसली तरी गॉगल समुद्रार्पण होत नाही.

नंबरवाल्यांनी आणखी एक गोष्ट पाळावी, ती मला कुणी सांगितली नव्हती. पाण्यातून बाहेर आल्यावर सगळे धावता धावता गॉगल काढून कपाळावर सारतात. तुम्ही काढू नका. सायकलचं सामान ठेवलेल्या पिशव्यांच्या रांगेपर्यंत तसेच जा. माझ्या एका मित्रानं वाळूतच गॉगल काढले, आणि मग आपल्या पिशवीचा क्रमांक दिसेना म्हणून दुसऱ्यांना विचारत फिरला. सायकलचा चष्मा कडक डबीत घालून हेल्मेटच्या आत ठेवायचा, म्हणजे हाताला एकदम सापडतो. आधी चष्मा, मग हेल्मेट, पट्ट्याचं बक्कल लावायचं आणि मगच सायकलला हात लावायचा, हा नियमच आहे. सायकलसाठी तुमच्या नंबराच्या उन्हात गडद होणाऱ्या काचा करून घेतल्यात तर वेगळा स्पोर्ट्‌स गॉगल लागणार नाही. फक्त काड्यांना मागून दोरी लावा, घामानं चष्मा घसरतो.

राहिला हँडलबार. इथं मी थोडा जास्त बोलणार, कारण विषय माझ्या आवडीचा आहे.

हँडलबार अख्खा बदलू नका. ट्रायथलॉनचा खास बेस बार लावायचा तर रोड बाईकचे गिअर-ब्रेकचे एकत्र लिव्हर त्यावर बसत नाहीत, ते बदलायचे, केबल बदलायच्या, आणि बघता बघता तुमचे चाळीस हजार संपतात. आहे त्याच बारवर क्लिप-ऑन, म्हणजे पुढं आलेले दोन दांडे आणि कोपर टेकायच्या गाद्या, एवढं पुरतं. १९८९ च्या टूर द फ्रान्सच्या शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँ ५० सेकंदांनी मागं होता. व्हर्साय ते पॅरिस २४.५ किलोमीटर तो असल्याच दांड्यांवर वाकून गेला आणि अख्खी टूर ८ सेकंदांनी जिंकला. त्याच्याकडं ही गोष्ट ट्रायथलॉनवाल्यांकडूनच आली होती.

त्यात जादू काही नाही. सपाट रस्त्यावर तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि हवेला आडवी येते ती सायकल कमी, तुमची छाती जास्त. हवेसाठी लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. ताशी २५ वरून ३० वर जायचं तर हवेपुरती पावणेदोन पट ताकद हवी. कोपरं आत आणि छाती खाली घेतली की त्यातली काही वाचते. कागलच्या रस्त्यावर त्याच हृदयगतीला माझा वेग २६ चा साडेसत्तावीस झाला. ९० किलोमीटरला ती साधारण अकरा मिनिटं. शिवाय पुढं हवेतला फायदा घ्यायला कुणाच्या चाकामागं लागता येत नाही, १२ मीटर अंतर ठेवावं लागतं. त्यामुळं हवेशी तुमचं तुम्हालाच लढायचंय.

पण ही अकरा मिनिटं दांड्यावर टिकून राहणाऱ्याची. दर दोन मिनिटांनी मान दुखली म्हणून उठलात तर काही मिळत नाही. रोड बाईकवर क्लिप-ऑन लावले की माणूस पुढं झुकतो, मांडी पोटाला लागते आणि श्वास कोंडतो. म्हणून सीट एक-दोन सेंटिमीटर पुढं आणि किंचित वर घ्यावी लागते. गाद्या सुरुवातीला उंच ठेवा. त्यासाठी खाली घालायचे स्पेसर मिळतात. दंड आणि धड यांत साधारण काटकोन आला आणि कोपर खांद्याच्या खाली किंवा जरासं पुढं टेकलं की बैठक जमली. दांड्यांचा आकार एस किंवा जे घ्या, मनगट सरळ राहतं. अगदी सरळ दांडे दिसायला झकास, पण दीड तासानं मनगटं बोलायला लागतात.

घेण्याआधी तुमच्या बारचा स्टेमजवळचा, म्हणजे बारला मधे धरून ठेवणाऱ्या तुकड्याजवळचा भाग पाहा. तो गोल हवा. हल्लीच्या बऱ्याच बाईकना तिथं चपटा बार असतो आणि त्यावर क्लॅम्प बसतच नाही. गोल असेल तर व्यास बहुधा ३१.८ मिलिमीटर निघेल, जुन्या सायकलींत २६ किंवा २५.४. बार कार्बनचा असेल तर कंपनीनं क्लिप-ऑनची परवानगी दिलीय का ते पाहा, नाहीतर आवळताना तडा जातो. आणि दांड्यांची उघडी टोकं बुचानं बंद हवीत, तपासणीत बघतात.

ब्रेक हाताशी नसतात, हे विसरायला फार वेळ लागत नाही. उजळाईवाडीजवळ कुत्रं आडवं आलं तेव्हा मी दांड्यांवर होतो. हात ब्रेकपर्यंत जाईतो मी रस्त्यावर. कोपर सोललं, सायकल वाचली. तेव्हापासून गर्दीत, उतारावर, चौकाजवळ हात वरच्या बारवर. पहिले दोन आठवडे घरी ट्रेनरवरच (सायकल जागेवर चालवायच्या स्टँडवर) बसा, मग पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर. तुमच्याकडं नाशिकात तर महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघानं रेस अक्रॉस अमेरिका ही अख्खी अमेरिका ओलांडायची सायकल शर्यत पूर्ण केल्यापासून लांब पल्ल्याचे सायकलवाले खूप झालेत. त्यांच्यातल्या कुणाचे तरी वापरलेले क्लिप-ऑन निम्म्या किमतीत मिळतील. ही अशी वस्तू आहे जी जुनी घेतली तरी बिघडत नाही, फक्त बोल्ट नवे घाला. स्पर्धेला दोन महिने उरले नसतील तर यंदा लावूच नका.

मग पैसे उरतील. त्यातून एक ट्राय-सूट घ्या, म्हणजे तिन्ही प्रकारांत कपडे बदलायला नकोत, आणि बाकीचे चांगल्या टायरला लावा.

हँडलबारचा स्टेमजवळचा व्यास मोजून खाली लिहा, कुठला क्लॅम्प बसेल ते सांगतो. आणि वेटसूट हवाच असेल तर माझा तो सर्फिंगचा अजून माळ्यावर पडलाय. मापाचा निघाला तर फुकट घेऊन जा, पण मिरामारला आणू नका.