तुझ्या नाटकातला कट्टर माणूस

सांगली

प्रिय,

एकांकिका वाचली. बॉम्ब ठेवणाऱ्या तुझ्या नायकासाठी जीव कळवळतो. तसाच माणूस पेपरात दिसला की संताप येतो. असं का, हे तू विचारलंस.

४० मिनिटांतली २५ मिनिटं तोच बोलतो. मरणाऱ्या चौघांना ना नाव, ना वाक्य. ते विंगेत मरतात. प्रेक्षक ज्याच्या सहवासात बसतो, त्याचा होतो. अश्वत्थामा घे. बापाला कपटाने मारलं, कपाळाची जखम घेऊन तेल मागत फिरतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्याने झोपेत मारलेल्या द्रौपदीच्या पाच मुलांची नावं विचार. प्रतिविंध्य, सुतसोम... पुढे कितीजण जातील?

साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं उलट आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना त्यांना गोळ्या घातल्या. कबड्डी खेळलेला हा डॉक्टर, ‘साधना’चा संपादक, आपल्याला पुरता ठाऊक होता. मारेकऱ्यांचं स्वगत कुणी ऐकवलं नाही. खटला २०२४ पर्यंत चालला आणि दोघांना जन्मठेप झाली.

दुसरं कारण मला जास्त खुपतं. तू नायकाला खराखुरा अन्याय दिलास, शत्रूही खरोखर नीच दिलास, म्हणून त्याचा द्वेष रास्त वाटतो. प्रत्यक्षात तो ज्याला मारतो, त्याला बहुधा कधी भेटलेलाही नसतो. शिवाय तू त्याला तुझी सर्वांत चांगली वाक्यं दिलीस. असा माणूस उसनं बोलतो, तेच तेच बोलतो. म्हणून पहिल्या प्रवेशात त्याच्या गुरूला बोलू दे. तीच वाक्यं तिसऱ्यात याच्या तोंडी जशीच्या तशी घाल. मध्यरात्रीची घालमेल निम्मी काप. शंका विचारणारा मित्र तो आधीच तोडून बसलेला असतो, ते दाखव.

स्फोटाआधी मरणाऱ्यांतल्या एकीला दोन पानं दे. हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिणारी कर. शेतमालाच्या विक्रीची पट्टी लिहायची अर्धी राहिली आहे, शेतकऱ्यावर ती खेकसते आहे. अगदी निर्दोष, देवमाणूस केलीस तर फसेल. लोकांना लगेच कळतं की हिला मारण्यासाठीच आणली आहे. नायकाचं स्वगत तिच्यानंतर ठेव.

त्याच्या आईचा प्रवेश मात्र काढू नकोस. तो निव्वळ राक्षस झाला, तर प्रेक्षक ‘हा आपल्यातला नव्हेच’ म्हणत निर्धास्त घरी जातील.

खर्डा झाला की पाठव.

अनेक आशीर्वाद.