आजीची साखर, आजीचा दमा आणि बारावीनंतरची वाट

प्रश्न : मी वेंगुर्ल्याजवळच्या गावात बारावी सायन्सला (पीसीबी) आहे. आजीला साखर आहे आणि दमाही. दमा उसळला की डॉक्टर स्टिरॉइडच्या गोळ्या देतात आणि साखर लगेच चढते. कांद्या-कोकमातली फ्लेवोनॉइड्स (वनस्पतींतली एका गटाची रसायनं) दोन्ही आजारांत उपयोगी पडतात, असं वाचलं. मला यातच संशोधन करायचंय. घरचे म्हणतात, ‘नीट’ (डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा) दे, नाहीतर बी.एस्सी. करून घरी बसशील.

उत्तर : आजीकडे बघून तू जे टिपलंस, तीच या विषयातली खरी अडचण आहे. एका आजाराचं औषध दुसऱ्याला भडकवतं. दम्यात प्रतिकारशक्ती धुळीसारख्या साध्या गोष्टीवरही तुटून पडते. टाइप २ मधुमेहात शरीरात मंद दाह सतत धुमसत असतो. म्हणजे आजीची प्रतिकारशक्ती वाढवायची नाही, ताळ्यावर आणायची आहे. कांद्यातलं क्वेर्सेटिन हे फ्लेवोनॉइड प्रयोगशाळेत मास्ट पेशींतून (अ‍ॅलर्जीत भाग घेणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) हिस्टामिन हे अ‍ॅलर्जीचा त्रास घडवणारं रसायन सुटणं कमी करतं. पण पोटातून ते रक्तात फार थोडं उतरतं. किती द्यायचं, कोणत्या रूपात, चालू औषधांशी जमेल का, हे सगळं अजून शोधायचंय. तोवर आजीचा पंप आणि गोळ्या डॉक्टर सांगतील तशाच चालू राहू देत. कोकमाच्या आगळात (खारवलेल्या रसात) मीठ असतं, तेही ध्यानात ठेव.

या वाटेने औषधं आलेली आहेत. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनचं मूळ गॅलेगा नावाच्या झाडातल्या गॅलेगिनमध्ये आहे. दम्यावरचं क्रोमोग्लायकेट अ‍ॅमी विस्नागा या वनस्पतीतल्या खेलिनवर काम करताना हाती लागलं. दोन्ही वेळा झाडातला रेणू जसाच्या तसा चालला नाही, रसायनतज्ज्ञांनी तो बदलला. तुला हेच काम शिकायचंय.

म्हणून माझं स्पष्ट मत : एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा देऊन चार वर्षांचं बी.फार्म. (औषधनिर्माणशास्त्राची पदवी) कर. पुढे जीपॅट ही एम.फार्म.ची प्रवेश परीक्षा, मग फार्माकोग्नॉसी (वनस्पतींसारख्या नैसर्गिक स्रोतांतल्या औषधांचा अभ्यास) किंवा फार्माकॉलॉजीत (औषध शरीरात कसं काम करतं त्याचा अभ्यास) एम.फार्म.; मुंबईची आयसीटी, मोहालीची नायपर या संस्थांची नावं आत्ताच डोक्यात ठेव. आणि घरच्यांना सांग, संशोधन नाही जमलं तरी फार्मसिस्ट म्हणून नोंदणी होते, औषध कंपन्यांत काम मिळतं. रुग्ण तपासायची ओढ असेल तरच ‘नीट’ देऊन बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी). पेशींचंच वेड लागलं, तर बी.एस्सी., एम.एस्सी. करून पीएच.डी.; पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात प्रतिकारशक्तीवर संशोधन चालतं.

सेंद्रिय रसायनशास्त्र मात्र पाठ करू नकोस, समजून घे. कोकमाच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून बघ, लाल रंग पालटतो. तो अँथोसायनिन या रंगद्रव्याचा रंग, तेही एक फ्लेवोनॉइडच. तो का पालटला, ते तुझ्या केमिस्ट्रीच्या सरांना विचार.